उंबरठ्यावरचं जास्तीचं बोट

ही गोष्ट खोटी वाटली तर वाटू दे. मी एवढंच सांगतो की बुऱ्हाणपूरला लालबागमध्ये ते घर आहे, तिथे माझं लहानपणापासूनचं जाणं-येणं आहे, आणि तिथला चहा मी आजही पितो.

पाणी पीत नाही.

ही रात्रीची गोष्टही नाही. अमावास्या नाही, चिंचेचं झाड नाही. मागच्या वर्षीची आखाजी, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. भर दुपार. ऊन असं, की केळीचे ट्रकसुद्धा रस्त्याच्या कडेला सावली धरून उभे. घरात पुरणाचा वास, आमरसाची पातेली, माणसांची बडबड. सगळं उजेडात घडलं. सगळ्यांच्या देखत.

कळलं मात्र एकीलाच.

ती एक म्हणजे मंगलाबाई. त्या घरच्या मोठ्या सूनबाई. नवरा नंदकुमार, सुताचा व्यापारी. बाई मनाने वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. गल्लीत कुणी आजारी पडलं तर पहिला डबा त्यांच्या घरून जातो. फक्त दुसऱ्याचं काही चांगलं झालं की त्यांच्या पोटात कुणीतरी निखारा ठेवायचं. शेजारणीकडे नवा फ्रिज आला, तर निखारा दोन दिवस. भावाने प्लॉट घेतला, तर आठवडाभर. पण धाकट्या जावेचं काही बरं झालं...

तर तो विझायचाच नाही.

धाकटी जाऊ म्हणजे सिंधू. तिचा नवरा रामदास नेपानगरच्या कागद मिलमध्ये, राहणं मिलच्या क्वार्टरमध्ये. वर्षानुवर्षं मंगलाबाई सिंधूला आपल्या जुन्या साड्या द्यायच्या, आणि देताना चार बायका बघताहेत ना, याची खात्री करून घ्यायच्या. सगळं कसं जागच्या जागी होतं.

मग सिंधूची वैशाली हवाई सुंदरी झाली.

तीही कुठे, तर आखातातल्या त्या भल्यामोठ्या विमान कंपनीत. नाव घेत नाही, कंपनीचा यात काही दोष नाही. माणसं राहतात असा एकही खंड त्यांच्या विमानांनी सोडलेला नाही म्हणे. दुमजली विमानं. वरच्या मजल्यावर पैसेवाल्यांसाठी चक्क आंघोळीची सोय.

"ढगात शॉवर, ताई!" सिंधू सांगायची. "आपल्या नळाला दिवसाआड पाणी, आणि ते लोक आभाळात नहातात!"

देशोदेशीची पोरं-पोरी एकाच विमानात काम करतात. ट्रेनिंगला खोटं विमान असतं, त्यात खोटा धूर सोडतात आणि घसरगुंडीवरून उड्या मारायला लावतात. ओठांच्या लालीची छटासुद्धा कंपनी ठरवते. वर आईबापांना सवलतीचं तिकीट. ज्या रामदासने जन्मभर नेपानगर-चांदनी-बुऱ्हाणपूर एवढंच जग पाहिलं, तो खिडकीला नाक लावून समुद्राचे फोटो काढून आला. ते फोटो त्याने मंगलाबाईंना दोनदा दाखवले.

हे सगळं मंगलाबाईंना सिंधूपेक्षा जास्त पाठ होतं. दुपारी भांडी आवरली की त्या मोबाइलवर त्याच कंपनीची माहिती वाचत बसायच्या. कोणती विमानं, कुठल्या शहरांना, पोरींना सुट्टी किती. परीक्षेला बसल्यासारख्या.

कारण त्यांची लेक भारतीही तिथे मुलाखतीला गेली होती ना.

दोघी चुलत बहिणी एकाच दिवशी इंदूरच्या हॉटेलात मुलाखतीला गेल्या. भारती उजळ, इंग्रजी फाडफाड. वैशाली सावळी, जरा बुजरी. कुणाचं होणार हे मंगलाबाईंनी गल्लीत सांगूनही टाकलं होतं. पण तिथे भिंतीवर एक खूण असते. टाचा उचलायच्या, हात ताणायचा आणि बोटांची टोकं त्या खुणेला टेकवायची. विमानात डोक्यावरच्या कप्प्यांत संकटाच्या वेळचं सामान असतं, तिथे हात पोचलाच पाहिजे.

वैशालीचा पोचला.

भारतीचा बोटभर कमी पडला.

बोटभर! मंगलाबाईंनी घरी आल्या आल्या तेवढ्याच उंचीवर स्वयंपाकघराच्या भिंतीला पेन्सिलीने रेघ मारली. भारतीला रोज दाराच्या चौकटीला लोंबकळायला लावायच्या.

"मम्मी, ऐसे हाथ लंबे होते क्या? माकड समजतेस का मला?"

"लोंबकळ गप. बोटभरच तर पाहिजे."

आता आखाजीचं सांगतो, कारण बाहेरच्यांना ते माहीत नसतं. त्या दिवशी आमच्याकडे पितरांसाठी पाण्याने भरलेली मातीची घागर मांडतात. वर खरबूज, सांजोरी, आंबा. गेलेल्या माणसांची वर्षाची तहान त्या दिवशी भागते. सकाळी उंबरठा धुवायचा आणि घरच्या सुनेने त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं. एक बोट, एक नाव. बोट उमटलं की त्या नावाला घरात यायची, घागरीचं पाणी प्यायची वाट मोकळी.

मंगलाबाईंच्या सासूबाई यात एक गोष्ट बजावून सांगायच्या. नाव चुकलं, तर जिने बोट लावलं तिने तिथल्या तिथे, मोठ्यांदा, सगळ्यांसमोर सांगायचं की चुकलं. लाजून गप्प बसायचं नाही.

"एकदा बोलावलं की ते येतंच," त्या म्हणायच्या. "आणि आलं की तहान घेऊन येतं."

मागच्या वर्षी मंगलाबाई उंबरठ्याशी बसल्या, तेव्हा शेजारी सिंधू होती. कुंकवाची वाटी धरायला बसली होती, पण हातात मोबाइल.

"ताई, हे बघा! हे पिवळं विमान दिसतंय ना नकाशावर? त्यात आपली वैशू! आज स्टँडबायला होती. म्हणजे तयार होऊन घरी बसायचं, कुणी आजारी पडलं की हिला बोलावणं. सकाळीच बोलावलं. बँकॉकला चाललीये. दुपारी आपल्या डोक्यावरून जाणार!"

"वा," मंगलाबाई म्हणाल्या.

"आणि सांगायचं राहिलंच. तिला वरच्या क्लासला घेतलं. बढती! आपल्या भारतीचं काय, त्या कॉम्प्युटर क्लासमध्येच शिकवते ना अजून?" सिंधूने मान डोलावली. "चांगलंय हो. घरच्या घरी."

ते 'चांगलंय हो'...

निखाऱ्यावर सरळ फुंकर.

मंगलाबाईंनी कुंकवात बोट बुडवलं. आजेसासऱ्यांचं नाव. बोट. सासऱ्यांचं नाव. बोट. सासूबाई. बोट. मग गोटू, नंदकुमारचा भाऊ, लहानपणीच तापाने गेलेला. बोट.

नावं संपली.

पण बोट पुन्हा कुंकवात गेलं...

आणि ओठांतून, अगदी हळू, निघालं...

"वैशाली."

जीभ घसरली की त्यांनी ढकलली, ते मला विचारू नका. मी विचारून पाहिलंय. त्या चहा ठेवायला उठतात.

चाराच्या जागी पाच बोटं. सांगायला हवं होतं. पण कुणासमोर? शेजारी सिंधू. 'तुझ्या जित्या पोरीला मी पितरांत बसवलं,' हे कुठल्या तोंडाने बोलायचं? सिंधूचं तोंड तर मोबाइलमध्ये खुपसलेलं. तिने काही ऐकलेलं दिसत नव्हतं.

मंगलाबाईंनी पदराचं टोक ओलं केलं. हळूच बोट पुसलं. दगड स्वच्छ झाला. त्यांनी आत जाऊन हात धुतले, परत आल्या...

पाचवं बोट तिथेच होतं.

ओलं. नुकतंच लावल्यासारखं.

पुन्हा पुसलं. गेलं. वळल्या, पाहिलं...

होतं.

त्या दिवशी बाईंच्या घशाखाली पुरणपोळीचा तुकडा उतरला नाही. "काय वं माय, तब्येत बरी नाही का?" म्हणून नंदकुमारने चिडवलंसुद्धा.

जेवणं झाली. घर सुस्तावलं. तेवढ्यात सिंधू मोबाइल घेऊन ओरडतच उठली, "आलं, आलं! गच्चीवर चला सगळे!"

"मला नको दाखवू, काकू," भारती मधल्या खोलीत चटईवर आडवी झालेली. "मैं सो रही हूँ." तिने ओढणी तोंडावर घेतली. पोरीलाही आईचा निखारा थोडा वारशात मिळालेला.

बाकी सगळे गच्चीवर गेले. फरशी इतकी तापलेली की एकेका पायावर उभं राहायचं. निळ्या आभाळात एक पांढरी रेघ सरकत होती. सिंधू आणि रामदास दोघंही हात हलवायला लागले. एवढ्या उंचावरून पोरीला दिसणार होतं जणू!

इतक्यात लाइट गेली.

पलीकडच्या मोहल्ल्यातल्या पॉवरलूमची खटखट एकदम थांबली. बुऱ्हाणपुरात तो आवाज थांबला की कानाला दडे बसल्यासारखं होतं. आणि त्या शांततेत...

खर्रर्र...

चाकांच्या बॅगेचा आवाज. खाली गल्लीतून. फरशीच्या प्रत्येक फटीशी 'खट्' करत, सावकाश...

मंगलाबाई कठड्यावरून वाकल्या.

गल्ली रिकामी. पार टोकापर्यंत.

आवाज मात्र येतच होता... जवळ... आणखी जवळ...

बरोबर दारासमोर थांबला.

मग टाचांच्या बुटांचा आवाज. टक्... टक्...

आत.

"सिंधू, कुणी आलं का गं?"

"या उन्हात कोण येणार, ताई? वर बघा ना, वर! चाललं बघा विमान!"

मंगलाबाई जिन्यावरून कशा उतरल्या, त्यांचं त्यांना ठाऊक. मधल्या खोलीत भारती चटईवर उठून बसली होती. डोळे चोळत होती.

"वैशू कुठे गेली?"

"...कोण?"

"अरे, आत्ता तो थी यहाँ! युनिफॉर्ममध्ये. मला म्हणते, भारती, पाणी दे. आवाज पण बसलेला तिचा. मी म्हटलं, मी झोपलेय बाई, ती काय घागर भरलेली, घे हाताने."

मंगलाबाईंनी घागरीकडे पाहिलं.

वरचं खरबूज, आंबा, सांजोरी... सगळं उतरवून बाजूला नीट मांडलेलं. ट्रेमध्ये मांडतात तसं. एका रेषेत.

घागर रिकामी.

फुटलेली नाही, पाझरलेली नाही. खालची फरशी कोरडी. आत हात घातला, तर तळही कोरडा. उन्हात महिनाभर ठेवल्यासारखा.

संध्याकाळी बँकॉकहून फोन आला. सिंधूने स्पीकरवर टाकला. वैशाली थकलेल्या आवाजात सांगत होती. विमानात ट्रे काढता काढता ती पडली. एकदम बेशुद्ध. प्रवाशांत एक डॉक्टर होते, ते धावले, त्यांना आधी नाडीच सापडेना. मग आपोआप डोळे उघडले. आता ठीक आहे, कंपनीने दवाखान्यात नेलं, सगळी तपासणी झाली, काही निघालं नाही.

सिंधू रडायला लागली.

"आई, गंमत सांगू?" वैशाली म्हणाली. "मला तेव्हा वाटलं, मी लालबागच्या घरीच आहे. खूप तहान लागली होती. बडी मम्मी आहे का तिथे?"

सिंधूने मंगलाबाईंकडे पाहिलं. "आहे ना. इथेच उभी आहे."

"तिला विचार ना... मला कशाला बोलावलं होतं?"

सगळे हसले. पोर जिवंत आहे या आनंदात माणसं कशालाही हसतात.

मंगलाबाईंनी तोंड उघडलं. आता सांगावं. अजूनही सांगावं...

आणि मिटलं.

उंबरठ्यावर जाऊन पाहिलं. चारच बोटं होती. पाचवं गेलं होतं. त्याचं काम झालं होतं.

त्या दिवसापासून वैशालीची तहान गेली नाही. बाटल्यांवर बाटल्या प्यायची, तरी ओठ भेगाळलेले. विमानात हवा कोरडी असते म्हणून पोरी पाणी पितातच, पण हिचं ते जमिनीवरही थांबेना. शुगर काढली, नॉर्मल. किडन्या ठणठणीत. कंपनीने रजा दिली, डॉक्टर दिले, सगळं केलं. पण उडायला परवानगी मिळेना. पावसाळ्यात ती नेपानगरला परत आली. बाटली काखेत घेऊन क्वार्टरच्या पायरीवर बसून राहायची.

आणि मंगलाबाई?

खोटं कशाला बोलू? त्यांचा निखारा विझला. कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागायला लागली. नेपानगरला भेटायला गेल्या, तर सिंधूसाठी नवीकोरी साडी घेऊन गेल्या. नवी!

दिवाळीनंतर एका दुपारी स्वयंपाकघरातून भारतीची किंकाळी आली.

"मम्मी! लग गया! हात लागला! देख ना!"

मंगलाबाई धावल्या. भारती भिंतीशी उभी. पेन्सिलीच्या रेघेच्या वर, चांगलं बोटभर वर, भिंतीवर एक ठसा होता.

लाल.

"हाताला काय लागलंय गं तुझ्या?"

भारतीने बोट पाहिलं. "पता नहीं. कुंकू आहे का? मी तर कशाला हात नाही लावला."

मंगलाबाईंनी भिंत पुसली. पुसली गेली. तेवढ्यावर त्यांनी स्वतःला समजावलं. माणसाला पाहिजे असलेली गोष्ट दारात आली की ती कुठून आली, हे कोण विचारतं?

भारती इंदूरला गेली आणि पास झाली. तीच कंपनी. तोच गणवेश, तीच लाली. मंगलाबाईंनी अख्ख्या गल्लीत दराबा, आमच्या बुऱ्हाणपूरची मिठाई, वाटला. मलाही दिला. सिंधूला तर स्वतःच्या हाताने भरवला.

सिंधूने तो सावकाश खाल्ला. बोटं पुसली.

"चांगलंय हो, ताई," म्हणाली.

मग यंदाची आखाजी आली.

रामदास, सिंधू, वैशाली सकाळच्या गाडीने आले. वैशालीच्या काखेत बाटली. बोलता बोलता घोट, हसता हसता घोट. मंगलाबाईंनी उंबरठा धुतला आणि वळून पाहतात, तर कुंकवाची वाटी सिंधूच्या हातात.

"ताई, यंदा मी लावते."

"अगं, ते मोठ्या सुनेचं असतं..."

"तुमचे गुडघे दुखतात ना. आणि मी काय परकी आहे?"

"लावू दे ना तिला, काय बिघडतंय!" आतून नंदकुमार ओरडला.

सिंधू बसली. शेजारी मंगलाबाई. या वेळी मोबाइल त्यांच्या हातात होता. नकाशावर पिवळं विमान, समुद्रावर आलेलं. भारती आज ड्यूटीवर होती.

सिंधूने बोट बुडवलं. आजेसासरे. बोट. सासरे. बोट. सासूबाई. बोट. गोटू. बोट.

नावं संपली.

सिंधूचं बोट पुन्हा कुंकवात गेलं...

"सिंधू," मंगलाबाईंनी मोबाइल खाली ठेवला. "सिंधू, मागच्या वर्षी माझ्याकडून एक..."

"माहीत आहे, ताई." सिंधूने वर पाहिलंसुद्धा नाही. "मी शेजारीच तर बसले होते."

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.

बोट उमटलं.

मग मात्र मंगलाबाई ओरडल्या. आतल्या खोलीतली माणसं बाहेर आली, शेजारचे दारात आले, मीही त्यांतच होतो. "मी चुकले! मागच्या आखाजीला मी वैशालीचं नाव घेतलं! माझ्या जिभेने घेतलं! सिंधू, तू पण म्हण चुकलं, आत्ताच्या आत्ता म्हण, मोठ्यांदा म्हण गं!"

नंदकुमार बायकोकडे बघतच राहिला.

सिंधूने कुंकवाचं बोट शांतपणे पदराला पुसलं.

"मला कुठे काय चुकलं?" ती म्हणाली.

आणि तेवढ्यात मागून वैशालीचा आवाज आला. नेहमीचा घोगरा नव्हे. पूर्वीसारखा, मोकळा.

"आई..."

तिने बाटली जमिनीवर ठेवली. अर्धी भरलेली.

"आई, तहान गेली माझी."

मंगलाबाईंच्या ओरडण्याने गेली, की सिंधूच्या बोटाने? मला माहीत नाही. मी फक्त उंबरठा पाहिला. मंगलाबाई गुडघ्यावर बसून तो पदराने घासत होत्या. पाचवं बोट जायचं... आणि यायचं.

मग गल्लीतून तो आवाज आला. या वेळी आम्ही सगळ्यांनी ऐकला.

खर्रर्र...

भारती ठीक आहे, असं म्हणतात. नोकरीवर आहे. रोज आईला फोन करते. परवा मी तिथे चहाला बसलो असताना आला होता, मंगलाबाईंनी स्पीकरवर टाकला. पोरगी हसत होती, कुठल्याशा शहराचं सांगत होती. मध्येच थांबली.

गट्... गट्... गट्...

"काही नाही, मम्मी. पाणी पितेय. बोल तू."

मंगलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप खाली ठेवला. कोपऱ्यात, आखाजी होऊन इतके दिवस झाले तरी, भरलेली घागर मांडून ठेवलेली आहे. रोज सकाळी त्या ती भरतात.

रोज संध्याकाळी ती कोरडी असते.